आकाशातला शिधा
(फ्रेड हॉईल यांची एक कादंबरी आणि एक शास्त्रीय पुस्तक यांच्या निमित्ताने)

१

वैज्ञानिक कादंबरीवर लिहिताना आपल्याकडे एक सोपी रीत पडून गेली आहे. लेखकाने जे वर्तविले त्यातले पुढे किती खरे झाले याचा हिशेब मांडावयाचा, आणि त्या हिशेबाने पुस्तकाला पहिला किंवा तिसरा वर्ग देऊन मोकळे व्हावयाचे. पंचांगाला ही कसोटी ठीक आहे. कादंबरीला ती लावणे अन्यायाचे होईल. कादंबरीने घातलेला प्रश्न काळ लोटल्यावर बोथट झाला की त्याला अधिक धार आली, हे टीकाकाराने पाहावे.

या दृष्टीने मी अलीकडे दोन इंग्रजी पुस्तके शेजारी शेजारी ठेवून वाचली. पहिले 'द ब्लॅक क्लाउड', ही फ्रेड हॉईल यांची १९५७ सालची कादंबरी. दुसरे 'लाइफक्लाउड', हे त्याच हॉईल यांनी चंद्रा विक्रमसिंघे यांच्याबरोबर लिहून १९७८ साली प्रसिद्ध केलेले शास्त्रीय पुस्तक. दोन्हींचा नायक एकच आहे: ताऱ्यांच्या मधल्या पोकळीत तरंगणारा वायूचा आणि धुळीचा ढग. दोन्हींत त्या ढगाचे नाते जिवंतपणाशी जोडलेले आहे. कादंबरीत कल्पना म्हणून, दुसऱ्या पुस्तकात सत्य म्हणून. माझा अभिप्राय आधीच सांगून टाकतो. कल्पना म्हणून लिहिलेले पुस्तक अधिक सत्याजवळ जाते, आणि सत्य म्हणून लिहिलेल्या पुस्तकात कल्पनेने लेखकालाच चकविले आहे.

शास्त्राच्या पदव्या माझ्या गाठी नाहीत. मी शाळामास्तर, आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा. रसायनशास्त्राचा निवाडा करण्याचा अधिकार मी सांगत नाही. परंतु गोष्ट सांगणारा माणूस नेमक्या कोणत्या जागी पाऊल घाईने उचलतो, कोठे प्रश्न असताना उत्तर असल्यासारखा आवाज काढतो, हे ओळखण्याची सवय या दोन्ही धंद्यांनी मला लावली आहे. शिवाय हा विषय केवळ वाङ्मयाचा नाही. पृथ्वीवर पहिला जीव आला कोठून, हे प्रत्येक घरातले एखादे मूल एकदा तरी विचारतेच. त्याला आपण काय सांगतो यावर ते पुढे विचार करणार की पाठांतर, हे पुष्कळसे अवलंबून असते.

२

हॉईल (१९१५–२००१) हे केंब्रिजचे नामांकित खगोलशास्त्रज्ञ. जयंत नारळीकरांचे गुरू म्हणून मराठी वाचकाला त्यांचे नाव घरचे आहे. कादंबरीच्या प्रस्तावनेत त्यांनी आपल्या या उद्योगाला गमतीचे लेखन म्हटले आहे. पण गंमत म्हणून सुरू केलेल्या गोष्टीनेच पुष्कळदा लेखकाच्या अंतरंगातले सगळ्यांत खोल ते बाहेर काढलेले असते.

कथानक थोडक्यात असे. १९६४ साली मृगनक्षत्राच्या दिशेला एक काळा डाग दिसतो. तो वाढत जातो, म्हणजे तो आपल्याकडेच येत असतो. आधी असह्य उन्हाळा, मग ढग सूर्याभोवती थांबल्यावर काळोख आणि हिमवर्षाव. अगणित माणसे मरतात. इंग्लंडातल्या एका जुन्या वाड्यात सरकारने एकत्र ठेवलेल्या शास्त्रज्ञांपैकी ख्रिस किंग्जली हा तऱ्हेवाईक विद्वान ढगाच्या वागण्यावरून ओळखतो की हा ढग जिवंत आहे, विचार करणारा आहे. रेडिओवरून बोलणे सुरू होते. ढग इंग्रजी शिकतो. आणि पहिले आश्चर्य ढगालाच वाटते: ग्रहासारख्या जड, बंदिस्त पृष्ठभागावर विचार करणारे प्राणी असू शकतात याचे!

कादंबरी म्हणून हिच्यात उणिवा नाहीत असे मी म्हणणार नाही. राजकारणी माणसे सगळी एका साच्यातून काढलेली. स्त्रीपात्रे जवळजवळ नावापुरती. किंग्जलीच्या तोंडून लेखकच बोलतो आहे हे लपत नाही. पण ढग हे पात्र मात्र फार मोठ्या ताकदीने उभे राहिले आहे. तो दुष्ट नाही. आपल्यामुळे कोणी मेले हे त्याला ठाऊकही नसते. कळल्यावर तो सभ्यपणे वागतो, सूर्यप्रकाशाला वाट करून देतो. महासत्तांनी त्याच्यावर सोडलेले अण्वस्त्रांचे बाण तो आले तसे परत पाठवितो. त्याला बीथोव्हनचे संगीत ऐकविले जाते, तेव्हा तो ते पुन्हा, पण अधिक द्रुत लयीत वाजवावयास सांगतो. परक्या बुद्धीचा परकेपणा असा एखाद्या बारीक तपशिलातून दाखविणे हे कादंबरीकाराचे काम, आणि ते हॉईल यांनी उत्तम केले आहे.

माझ्या मते या पुस्तकात दोन प्रसंग कळीचे आहेत. एकदा शास्त्रज्ञ ढगाला विचारतात, तुमच्यापैकी पहिला कसा जन्मला? ढग म्हणतो, पहिला असा कोणी होता हेच मला मान्य नाही. हे उत्तर ऐकून तिथले ज्योतिषी हसतात. हॉईल यांच्या मते विश्वाला आरंभ नव्हता. ते सदा होते तसेच आहे, असा सिद्धांत त्यांनी व त्यांच्या दोन मित्रांनी १९४८ साली मांडला होता. ढगाच्या तोंडी त्यांनी आपलाच सिद्धांत घातला आहे. दुसरा प्रसंग शेवटचा. ढग निघून जाणार असतो. जाण्यापूर्वी आपले ज्ञान त्याने एका माणसाच्या मेंदूत सरळ उतरवावे असे ठरते. पहिला तरुण शास्त्रज्ञ त्यात मरतो. मग किंग्जली बसतो, आणि तोही मरतो. नवे ज्ञान जुन्या समजुतींशी इतके विसंगत असते की त्याचा मेंदू ते पेलू शकत नाही.

हे दोन प्रसंग ध्यानात ठेवावेत. पुढच्या सगळ्या विवेचनाची किल्ली त्यांतच आहे.

३

आता खऱ्या ढगांकडे वळू. कादंबरी निघाली तेव्हा ताऱ्यांमधल्या पोकळीत रेणू म्हणून जे काही ठाऊक होते ते बोटांवर मोजण्याइतके होते. १९३७ ते १९४१ या काळात कार्बन-हायड्रोजन आणि कार्बन-नायट्रोजन अशा दोन-दोन अणूंच्या जोड्या तेवढ्या सापडल्या होत्या. याहून मोठे रेणू तिथे टिकणार नाहीत, ताऱ्यांचे अतिनील किरण त्यांचे तुकडे करतील, अशीच बहुतेक जाणकारांची समजूत होती.

मग रेडिओ दुर्बिणी आल्या. रेणू स्वतःभोवती फिरत असतो. त्याची गिरकी थोडी मंदावली की तो एका ठरावीक लांबीची रेडिओलहर सोडतो. ही लांबी ज्याची त्याची वेगळी. तंबोऱ्याची तार न पाहता सुरावरून ती षड्जाची की पंचमाची हे जसे कान सांगतो, तसे दुर्बीण रेणूचे नाव सांगते. १९६३ साली हायड्रॉक्सिल सापडले, १९६८ साली अमोनिया, पाठोपाठ पाण्याची वाफ, आणि १९६९ साली फॉर्माल्डिहाइड. नंतर जणू धान्याचे पोते फुटले. आज अशा रेणूंची संख्या तीनशेच्या पुढे गेली आहे. कार्बन असलेल्या आणि सहा किंवा अधिक अणूंच्या रेणूला ज्योतिषी 'जटिल सेंद्रिय रेणू' म्हणतात. रसायनशाळेतल्या माणसाला सहा अणूंना जटिल म्हणण्याचे हसू येईल. पण ज्या ठिकाणी दोन अणूंची गाठ पडणे दुर्मिळ, तिथे सहांचा संसार म्हणजे मोठे खटलेच होय.

धनु राशीच्या दिशेला, आपल्या आकाशगंगेच्या मध्याजवळ, सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर 'सॅजिटेरियस बी-२' नावाचा ढग आहे. सूर्यासारखे लक्षावधी गोळे घडतील इतके द्रव्य त्यात आहे. त्यात १९७५ साली मद्यार्क सापडला, १९९७ साली व्हिनेगरातले आम्ल, २००० साली शर्करांच्या कुळातला अगदी लहान भाऊ. म्हणजे आंबट, गोड आणि वर्ज्य, तिन्ही पदार्थ एकाच ताटात!

हे घडते कसे? ढगाच्या अंतर्भागात थंडी शून्याखाली २६० अंशांच्या आसपास असते. धुरापेक्षाही बारीक धूलिकणांवर पाण्याचे आणि कार्बन मोनॉक्साइडचे हिम साचते. या हिमावर हायड्रोजनचे हलके अणू इकडून तिकडे सरकतात आणि कार्बन मोनॉक्साइडला एकेक करून चिकटतात. त्यातून आधी फॉर्माल्डिहाइड, मग मिथेनॉल. ढगाचा गाभा आकसून नवा तारा पेटू लागला की हे हिम उडते, रेणू मोकळे होतात आणि दुर्बिणीला दिसतात. कण इतका लहान आणि काळ इतका अमाप, की जे काम आपल्या भट्टीत क्षणात व्हावे ते तिथे लक्षावधी वर्षे शांतपणे चालू राहते.

यात एक गोष्ट नाही, तीही सांगितली पाहिजे. प्रथिने ज्यांची बनतात त्या अमायनो आम्लांपैकी सर्वांत साधे ग्लायसीन. ते ढगात सापडल्याचा दावा २००३ साली झाला. २००५ साली दुसऱ्यांनी तपासणी केली तेव्हा त्या दाव्याला आवश्यक असे कित्येक सूर जागेवर नव्हतेच. ढगातले ग्लायसीन अजून निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही.

४

या सगळ्यात हॉईल यांचा वाटा काय, हे नीट सांगितल्याशिवाय त्यांच्यावर टीका करणे कृतघ्नपणाचे होईल.

ढगातला कार्बन आला कोठून? ताऱ्यांच्या पोटातून. हेलियमची तीन केंद्रे एकत्र आली की कार्बनचे केंद्र बनते. पण हा त्रिवेणी संगम इतका अवघड की हिशेबाप्रमाणे कार्बन जवळजवळ बनूच नये. १९५३ साली हॉईल अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात गेले आणि तेथील प्रयोगशाळेतल्या मंडळींना म्हणाले, कार्बनच्या केंद्राला ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास ऊर्जेची एक पातळी असलीच पाहिजे, शोधून पाहा. मंडळींना हा आगाऊपणा वाटला. शोधून पाहिले, तर ती पातळी होती! ज्या १९५७ साली कादंबरी निघाली त्याच साली ताऱ्यांत मूलद्रव्ये कशी घडतात याचा सविस्तर प्रबंध हॉईल आणि त्यांच्या तिघा सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. तुमच्या-माझ्या देहातला, दिवाळीच्या पणतीच्या काजळीतला प्रत्येक कार्बनचा अणू ताऱ्यात शिजून आला आहे, हे आज शाळेत शिकविले जाते. या माणसाने ते जगाला दाखविले.

मी याला उत्तम गोष्ट म्हणतो. का? तर सांगणाऱ्याने आपली मान पुढे केली होती. एक आकडा सांगितला होता. तो चुकता तर गोष्ट तिथेच मोडती.

'लाइफक्लाउड'मध्ये हे राहिले नाही. ढगात आणि धूमकेतूंत सेंद्रिय द्रव्य विपुल आहे असे हॉईल-विक्रमसिंघे आग्रहाने सांगत होते, आणि तेवढे पुढे खरे ठरले. १९८६ साली 'जोत्तो' हे यान हॅलेच्या धूमकेतूजवळून गेले तेव्हा त्याचा गाभा कोळशासारखा काळा आणि त्याची धूळ कार्बनने समृद्ध आढळली. पण लेखकद्वय तेवढ्यावर थांबले नाही. द्रव्यावरून ते जीवावर गेले. जीव आधी आकाशातच घडला आणि धूमकेतूंनी पृथ्वीवर आणला, असे म्हणू लागले. पुढे आकाशगंगेच्या मध्याकडून येणाऱ्या प्रकाशाचा वर्णपट आणि वाळविलेल्या जंतूंचा वर्णपट त्यांनी एकावर एक ठेवून दाखविला. दोन्ही जुळत होते यात शंका नाही. परंतु कार्बन आणि हायड्रोजन यांची गाठ जिथे जिथे असते तिथे तिथे त्या जागी असाच खळगा पडतो, मग ते द्रव्य जिवंत असो वा नसो. मामांचे धोतर पांढरे आहे म्हणून रस्त्यातल्या प्रत्येक पांढऱ्या धोतराला आपण मामा म्हणून हाक मारीत नाही.

१९७९ सालच्या त्यांच्या पुढच्या पुस्तकात तर फ्ल्यूच्या साथीही आकाशातून येतात असे प्रतिपादन आले. आता कोणताही आक्षेप या गोष्टीला मोडू शकत नव्हता. प्रत्येक आक्षेपातून ती आणखी फुगत होती. कादंबरीकार म्हणून मला ही अवस्था ओळखीची वाटते. पात्र हाताबाहेर जाते, लेखक त्याच्या प्रेमात पडतो, आणि कथानकाला अडवणारे जे जे असेल ते ते तो प्रकरणाबाहेर काढून टाकतो. ज्या ढगाला हॉईल यांनी १९५७ साली गमतीने जन्म दिला, त्याने वीस वर्षांनी जन्मदात्यालाच गिळले.

शिवाय या गोष्टीत रचनेचाच एक दोष आहे. जीव आकाशातून आला म्हटले तर तो आकाशात कसा घडला हा प्रश्न उरतोच. रंगमंच बदलला, नाटक तेच राहिले. हॉईल यांच्यापाशी याला उत्तर होते. ते कादंबरीतल्या ढगाने दिलेलेच: पहिला कोणी नव्हताच. विश्वाला आरंभ नसेल तर जीवालाही नसावा. तर्क म्हणून हे सुसंगत आहे. पण १९६५ साली पेन्झियस आणि विल्सन या दोघांना सर्व आकाशातून सारखाच येणारा मंद रेडिओ-उजेड सापडला, आणि उष्ण आरंभाची ती धग आहे असे बहुतेक शास्त्रज्ञांनी मानले. तेव्हापासून त्या उत्तराखालचा पाया ढासळला.

५

माणसाला आकाशातून जीव आलेला हवा असतो, म्हणूनच या क्षेत्रात पुराव्याला फार जपावे लागते. याचे एक उदाहरण कोणत्याही रहस्यकथेला लाजवील असे आहे.

१८६४ सालच्या मे महिन्यात फ्रान्समध्ये ऑर्गेय या गावी अशनींचा वर्षाव झाला. त्याच्या आदल्याच महिन्यात लुई पाश्चर यांनी पॅरिसला गाजलेले व्याख्यान देऊन, निर्जीवापासून आपोआप जीव उपजतो ही जुनी समजूत खोडून काढली होती. त्या अशनीचा एक तुकडा काचेच्या बरणीत बंद होऊन संग्रहालयात पडून राहिला. जवळजवळ शंभर वर्षांनी तो तपासला, तर आत लव्हाळ्यासारख्या वनस्पतीचे बी! आणखी खोलात गेल्यावर कोळशाचे कण आणि सरसही निघाला. कोणीतरी दगड ओला करून, बी आणि कोळसा आत दाबून, वरून सरसाने लेप दिला होता. १९६४ साली हा लबाडीचा प्रकार शास्त्रीय नियतकालिकात उघड झाला. ज्याने केले त्याचा हेतू काय होता हे त्याच्याबरोबर गेले. थट्टा उघडी पडण्याआधी शतक निघून गेले.

याच्या उलट संयमाचे उदाहरण आपल्या घरचे आहे. नारळीकर हे हॉईल यांचे शिष्य, पुढे त्यांचे सहकारी. गुरूची कल्पना त्यांनी ना डोक्यावर घेतली, ना हसण्यावारी नेली. ती तपासावयास घेतली. हैदराबादहून मोठे फुगे सोडून वातावरणाच्या वरच्या थरांतली हवा निर्जंतुक नळकांड्यांत भरून आणण्याचे प्रयोग 'इस्रो'च्या साह्याने झाले. २००५ सालच्या उड्डाणातले नमुने २० ते ४१ किलोमीटर उंचीवरचे होते. त्यांतून जंतूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती वाढल्या. तीन जंतू अगदी नवे निघाले. त्यांतल्या एकाला हॉईल यांचे नाव दिले गेले. एखादा उतावळा माणूस एवढ्यावर नौबत झडविता. परंतु २००९ साली निष्कर्ष जाहीर करताना स्पष्ट म्हटले गेले की, हे जंतू पृथ्वीबाहेरून आले असे यावरून निश्चित सिद्ध होत नाही. गुरूवरची निष्ठा आणि पुराव्यावरची निष्ठा यांत ओढाताण झाली म्हणजे काय करावे, याचा हा वस्तुपाठ आहे. नारळीकर २० मे २०२५ रोजी आपल्यातून गेले. त्यांच्या विज्ञानकथांवर आपण पुष्कळ लिहिले आहे. त्यांच्या या एका 'सिद्ध होत नाही'वर फारसे कोणी लिहिलेले माझ्या वाचनात नाही.

६

अलीकडची सर्वांत मोठी आवक म्हणजे बेन्नू या लघुग्रहाची धूळ. हा अर्ध्या किलोमीटरचा दगडांचा ढिगारा. त्याचे नाव एका शाळकरी मुलाने सुचविलेले. अमेरिकेच्या यानाने २०२० साली त्याला स्पर्श करून मूठभर माती उचलली आणि २४ सप्टेंबर २०२३ रोजी ती युटाच्या वाळवंटात उतरविली. वजन १२१.६ ग्रॅम, घरातल्या एका वाटीत मावावी इतकी. ती नायट्रोजन वायूत ठेवून हाताळली, ऑर्गेयच्या बरणीची गत होऊ नये म्हणून.

२०२५ सालच्या जानेवारीत निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ३३ अमायनो आम्ले. त्यांतली १४ अशी की जी आपल्या देहातल्या २० अमायनो आम्लांत मोडतात. आनुवंशिकतेची लिपी ज्या अक्षरांत लिहिलेली असते ती पाचही अक्षरे. अमोनिया भरपूर. शिवाय खारे पाणी आटून मागे राहावेत तसे क्षार. म्हणजे बेन्नू ज्या मोठ्या पिंडाचा तुकडा त्याच्या पोटात एके काळी पाणी खेळत होते. १९६९ साली ऑस्ट्रेलियात मर्चिसन या गावी पडलेल्या अशनीनेही असेच पुष्कळ सांगितले होते, पण त्याला पृथ्वीची हवा लागलेली होती. बेन्नूची साक्ष अधिक निर्मळ आहे.

या बातमीला वृत्तपत्रांनी ठराविक मथळा दिला: जीवनाच्या विटा सापडल्या. भाषा शिकविणारा माणूस म्हणून माझा या विटांना आक्षेप आहे. वीट घरासाठीच पाडलेली असते. वीट म्हटले की गवंडी आणि नकाशा न बोलावता येऊन उभे राहतात. हे रेणू कशासाठीच घडलेले नव्हते. तोच घोटाळा 'सेंद्रिय' या आपल्या शब्दात आहे. सेंद्रिय म्हणजे इंद्रियांसहित. ढगातल्या मिथेनॉलला कसली आली आहेत इंद्रिये? जिवंत देहाशिवाय असली द्रव्ये बनत नाहीत ही समजूत व्होलर याने १८२८ साली प्रयोगशाळेत युरिया बनवून मोडली. शब्द मात्र तसाच राहिला, आणि वाचकाच्या मनात ढग हळूच जिवंत होऊ लागतो.

मला विटेपेक्षा आपला 'शिधा' हा शब्द योग्य वाटतो. वाटसरूला शिधा द्यावा म्हणजे तांदूळ, डाळ, मीठ, तूप द्यावे. चूल त्याने मांडावी, शिजवावे त्याने. शिधा म्हणजे जेवण नव्हे हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते.

आणि बेन्नूचा शिधा निवडलेलाही नाही, हे त्यातले सर्वांत बोलके वैशिष्ट्य. अमायनो आम्लांना चपलांप्रमाणे डावा-उजवा असतो. रचना तीच, पण एक दुसऱ्यावर चपखल बसत नाही. पृथ्वीवरचा सारा जीव प्रथिनांसाठी डाव्या बाजूचीच वापरतो. बेन्नूवर दोन्ही जवळजवळ सारखीच सापडली. ३३ पैकी १९ तर आपल्या प्रथिनांच्या उपयोगाचीच नाहीत. सुपातले तांदूळ निवडणारे कोणी तिथे नव्हते. जीव म्हणजे ही निवड. आणि ती आकाशात झालेली दिसत नाही.

मग चूल कोठे पेटली? ओपारिन यांनी १९२४ साली रशियात आणि हाल्डेन यांनी १९२९ साली इंग्लंडात, पृथ्वीवरच्या आदिसागरात असे द्रव्य साचून त्याचे पातळ कढण झाले असावे, अशी कल्पना स्वतंत्रपणे मांडली. (हे हाल्डेन पुढे भारतात येऊन भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले.) १९५३ साली शिकागोत स्टॅन्ली मिलर या तेवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ काचपात्रात कोंडून त्यांत ठिणग्या पाडल्या, आठवड्याभरात पाणी तांबूस झाले आणि त्यात अमायनो आम्ले निघाली. पुढे कळले की आदिपृथ्वीच्या हवेत मिथेन आणि अमोनिया इतके नसावेत. तसे असेल तर हे कढण पातळच राहिले असणार. म्हणून आकाशातून आलेल्या शिध्याचे मोल वाढले. पृथ्वीचे वय ४५४ कोटी वर्षांचे. सुमारे ३५० कोटी वर्षांपूर्वी जीव होता याच्या खुणा दगडांत आहेत. मधल्या काळात कोठेतरी, उथळ डबक्याच्या काठी म्हणा किंवा सागरतळच्या गरम झऱ्यांपाशी म्हणा, चूल पेटली. या दोन्ही पक्षांचे लोक आज प्रयोगशाळेत खपत आहेत.

७

आता पुन्हा कादंबरीच्या शेवटाकडे पाहावे. किंग्जली आकाशातून तयार ज्ञान घ्यावयास बसला आणि त्यात संपला. हॉईल यांना तेव्हा काय अभिप्रेत होते ते असो. मला आज या प्रसंगाचा अर्थ असा लागतो की, आयते उत्तर पचत नाही. ज्ञान हेही शिध्यासारखेच आहे. ते ज्याच्या त्याने आपल्या चुलीवर शिजवावे लागते, आणि त्याला वेळ लागतो. आणखी एक मौज अशी, की ढग निघून जातो तो आपल्यासारख्याच दुसऱ्या एका ढगाला काही गहन प्रश्नाचे उत्तर सापडल्याचे कळते म्हणून. एवढा अजस्र बुद्धिमान जीव, पण त्यालाही सगळे ठाऊक नाही. तोही शोधात आहे! कादंबरीकार हॉईल यांनी आपल्या नायकाला अज्ञानाची ही प्रतिष्ठा दिली. शास्त्रज्ञ हॉईल यांनी वीस वर्षांनी ती स्वतःला नाकारली. म्हणून त्यांचे पहिले पुस्तक आजही ताजे वाटते आणि दुसरे कपाटात जुने झाले.

मी हे त्यांच्या निंदेसाठी लिहीत नाही. ज्याने ताऱ्यांच्या पोटातला कार्बन दाखविला त्याचे ऋण 'लाइफक्लाउड'सारखी दहा पुस्तके लिहिली तरी फिटत नाही. पण मोठ्या माणसाचे फसलेले पुस्तकही आपल्याला काही शिकवून जाते, आणि ते सांगणे हे टीकेचे काम आहे.

दिवाळीच्या रात्री अंगणात एखादे मूल वर बघून विचारील, आपण सगळे तिकडूनच आलो का? त्याला 'हो' म्हणून गप्प बसवू नये, आणि 'छे' म्हणूनही. सांगावे की, बाळ, सामान तिकडून आले. त्यातले काही दुर्बिणीने ओळखले आहे, काही वाटीभर मातीत हाताला लागले आहे. ते शिजले कसे, हे अजून कोणाला नीट सांगता येत नाही, आणि सांगता येणारा कदाचित तुझ्याच वयाचा असेल. मग त्याला थोडा वेळ तसेच वर बघू द्यावे. फराळ काही पळून जात नाही.